मूळ संचातले कोण उरले आहे?

एखाद्या जुन्या, नावाजलेल्या बँडचा कार्यक्रम आपल्या शहरात होणार अशी बातमी आली की मित्रमंडळींत पहिला प्रश्न ठरलेला असतो: मूळ संचातले कोण उरले आहे? मग बोटांवर मोजणी सुरू होते. गायक तोच आहे का, गिटारवादक परत आला का, ड्रमर कधी सोडून गेला, आणि या हिशोबात निम्म्याहून कमी माणसे भरली की निकाल लागतो, "मग काय अर्थ आहे?" हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. तिकिटाला चांगले पैसे पडतात, आणि बँडचे नाव ज्याच्या हाती राहिले त्याने ते कोणत्याही चार जणांना घेऊन वापरावे, हे कोणत्याही श्रोत्याला खटकणारच. परंतु संच बदललेले बरेच जुने बँड प्रत्यक्ष ऐकल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, किती जण उरले यापेक्षा जे गेले त्यांच्या रिकाम्या जागेचे उरलेल्यांनी काय केले, हे पाहायला हवे. त्या जागी कोणाला नक्कल करायला बसवले आहे, की नव्या माणसाला ती जागा खरोखर दिली आहे, यावर मैफल कशी होणार हे बव्हंशी ठरते.

मराठी प्रेक्षकाला हा प्रश्न तसा जुनाच आहे. गायक-नट भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये वारले तेव्हा किर्लोस्कर नाटक मंडळी संपली असे अनेकांना वाटले असेल. 1905 मध्ये त्याच मंडळीत बालगंधर्व आले. पुढे 1913 मध्ये बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली, तरी किर्लोस्कर मंडळी चालू राहिली आणि तिथे मास्टर दीनानाथ गायले. 1918 मध्ये तेही बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. म्हणजे जाणारे जात होते आणि पाट्या बदलत होत्या, तरी लोक नाटकाला जातच होते. मात्र एक फरक लक्षात घ्यायला हवा. नाटकाचे पद पुस्तकात लिहिलेले असते, त्याची चाल ठरलेली असते, आणि नवा गायक ते आपल्या गळ्याने नव्याने मांडू शकतो. रॉक बँडचे गाणे बहुतेक वेळा असे कागदावर जन्मतच नाही. चार-पाच माणसे एका खोलीत बसतात, एकाच्या हाताला एक तुकडा सापडतो, दुसरा त्याखाली ताल धरतो, आणि त्या विशिष्ट हातांच्या सवयींतून गाणे घडत जाते. म्हणून त्यातला एक जण गेला की केवळ वादक बदलत नाही, गाण्याच्या रचनेचाच एक भाग निखळतो. नव्याने येणाऱ्याचे काम अवघड असते ते याच कारणाने.

हे काम नीट कसे होते याचे एक उदाहरण मुंबईतच घडले आहे. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडमधून गिटारवादक रिची ब्लॅकमोर 1993 च्या अखेरीस, दौरा चालू असतानाच, बाहेर पडला. काही महिने जो सॅट्रिआनीने वेळ निभावून नेली आणि 1994 च्या शेवटी स्टीव्ह मोर्स कायमचा आला. त्यानंतर जेमतेम अर्ध्या वर्षात, एप्रिल 1995 मध्ये, हा संच मुंबईत वाजवून गेला. त्या कार्यक्रमाचे चित्रण पुढे प्रसिद्ध झाले आणि ते मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ब्लॅकमोरची प्रसिद्ध गाणी त्यात आहेतच, पण अजून बाजारात न आलेली नवी गाणीही आहेत, आणि मोर्स ती वाजवतो तेव्हा त्याच्या हातांत कसलाही संकोच दिसत नाही. जुन्या गाण्यांतही ब्लॅकमोरची ओळखीची वळणे तो जिथे आवश्यक तिथे ठेवतो आणि एकल वादनात आपल्या वाटेने जातो. त्याला ही मोकळीक बँडमधल्या बाकीच्या चौघांनी, इयान गिलन, रॉजर ग्लोव्हर, जॉन लॉर्ड आणि इयान पेस यांनी दिली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मोर्स 2022 पर्यंत त्या बँडमध्ये राहिला, म्हणजे ब्लॅकमोरपेक्षा कितीतरी जास्त काळ. आजारी पत्नीच्या सोबतीसाठी तो थांबला तेव्हा सायमन मॅकब्राइड आला, आणि 2024 मध्ये त्याच्यासह नवा अल्बमही निघाला. आरंभापासून प्रत्येक संचात असलेला माणूस त्यात एकच आहे, ड्रमर इयान पेस. मोजणी करणाऱ्यांनी या बँडला फार पूर्वीच निकालात काढले असते.

गन्स एन' रोझेसची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मुंबईच्या श्रोत्याला ती सबंध, तुकड्यातुकड्यांनी, पाहायला मिळाली. 1987 च्या पहिल्या अल्बमवर जे पाच जण होते त्यांपैकी ड्रमर स्टीव्हन ॲडलर 1990 मध्ये बँडमधून गेला, इझी स्ट्रॅडलिन 1991 मध्ये, स्लॅश 1996 मध्ये आणि डफ मकेगन 1997 मध्ये. डिसेंबर 2012 मध्ये बँड वांद्रे-कुर्ला संकुलात आला तेव्हा मूळ संचातला गायक ॲक्सल रोझ तेवढा होता. कीबोर्डवर 1990 पासून असलेला डिझी रीड होता आणि बाकी सारे नवे. गिटारवादक तीन होते: रिचर्ड फोर्टस, डीजे ॲश्बा आणि बंबलफूट या नावाने ओळखला जाणारा रॉन थाल. स्लॅश आणि इझी या दोघांच्या जागी तीन माणसे उभी होती, आणि जुन्या गाण्यांत ती तिघे मिळून सुद्धा एक पोकळी भरू शकत नव्हती. सूर बरोबर होते, वेग बरोबर होता, परंतु स्लॅश एखादा सूर ओढून धरतो आणि तालाच्या किंचित मागे राहून सोडतो, तो विलंब तिथे नव्हता. सभोवतालची गर्दी आनंदाने गात होती आणि मीही गात होते. तरी कान सतत काहीतरी शोधत होता.

त्याच रात्री 2008 च्या अल्बममधली गाणी सुरू झाली की चित्र पालटत होते. त्या अल्बमवर बंबलफूटने स्वतः वाजवले होते, तिथे त्याला कोणाची आठवण सांभाळायची नव्हती, आणि पडदे नसलेल्या गिटारीवरून त्याचे बोट घसरत जाई तेव्हा तो सूर त्याचा स्वतःचा होता. ती गाणी गर्दीला फारशी पाठ नव्हती, म्हणून त्या वेळी लोक थोडे शांत झाले. माझ्या मते त्या संचाने त्या रात्री जे सर्वोत्तम वाजवले ते नेमके त्याच वेळी, आणि ते ऐकायला फार कमी लोक खऱ्या अर्थाने हजर होते. हे मला आजही सलते. संच बदललेला बँड आपल्याला जे देऊ शकतो ते आपण बऱ्याचदा ऐकतच नाही, कारण आपण जुन्या गाण्याची वाट पाहत उभे असतो.

नोव्हेंबर 2015 मध्ये स्लॅश गायक मायल्स केनेडीला घेऊन मुंबईत आला. तीन वर्षांपूर्वी जे नव्हते ते आता समोर होते आणि जे होते ते नव्हते. केनेडीचा गळा तयारीचा आहे; ॲक्सलच्या उंच जागा तो स्वच्छ आणि बिनचूक घेतो. पण ॲक्सलच्या आवाजातला खरखरीत राग ही त्या गाण्यांची अर्धी बाजू आहे, आणि केनेडीने तो उसना आणण्याचा प्रयत्न केला नाही, हे मला फार आवडले. तो त्या गाण्यांना आपल्या स्वभावाने गायला. शिवाय दोघांनी मिळून रचलेली गाणी त्यांच्याजवळ होती, त्यामुळे तो कार्यक्रम जुन्याच्या आधारावर उभा नव्हता.

आणि मग 17 मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर ॲक्सल, स्लॅश आणि डफ एकत्र आले. स्लॅश आणि डफ 2016 मध्येच बँडमध्ये परतले होते. मुंबईला वाट पाहावी लागली इतकेच. त्या रात्रीविषयी पुष्कळांनी लिहिले ते स्लॅशविषयी, आणि ते साहजिक आहे: त्याच्या गिटारीवर ती सर्वांना ठाऊक असलेली सुरावट सुरू झाली तेव्हा 2012 मध्ये कान काय शोधत होता याचे उत्तर एका क्षणात मिळाले. मी मात्र त्या रात्री बराच वेळ दुसऱ्या दोघांकडे पाहत होते. एक रिचर्ड फोर्टस. हा माणूस 2002 पासून या बँडमध्ये आहे, स्लॅश नसताना त्याने किल्ला लढवला, आणि स्लॅश परत आल्यावर तो निमूटपणे इझीच्या जागी सरकला. इझीची गिटार स्लॅशच्या गिटारीखाली कधी दिसत नसे, पण तिच्याशिवाय गाण्याला चाल येत नसे. ती एक तिरकी, सैल, थोडी बेफिकीर लय होती. फोर्टस ती लय जपतो आणि मधूनच स्लॅशशी सवालजवाबही करतो. परतलेल्या नायकाच्या बाजूला उभे राहून इतक्या समंजसपणे वाजवणे सोपे नाही, आणि त्याच्याविषयी कोणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून मी इथे लिहिते आहे.

दुसरा आयझॅक कार्पेंटर. 2006 पासून असलेला फ्रँक फेरर मार्च 2025 मध्ये बाहेर पडला आणि हा ड्रमर आला. मुंबईत तो वाजवत होता तेव्हा त्याला येऊन काही आठवडेच झाले होते. या बँडचे जुने श्रोते ड्रमरबाबत फार संवेदनशील आहेत, आणि त्याला कारण आहे. ॲडलरच्या ठोक्यात एक झोका होता. त्याच्यानंतर आलेल्या मॅट सोरमचा ठोका भक्कम आणि सरळ होता, आणि तीच गाणी त्याच्या हातून अधिक जड वाटू लागली. कार्पेंटरच्या वादनात तो झोका मला पुन्हा जाणवला. 1987 ची गाणी त्या रात्री हलकी झाली, पुढे पळू लागली. ज्याला येऊन दोन महिनेही धड झाले नव्हते अशा माणसामुळे जुने गाणे मूळ रूपाच्या जवळ जाते, आणि मूळ गायकाचा आवाज मात्र साठी ओलांडल्यावर उंच जागी विरळ होतो. मग कोणाला मूळचे म्हणायचे आणि कोणाला नवे? ॲक्सल खालच्या पट्टीत अजूनही भरदार गातो, आणि वरच्या जागा लागत नाहीत तिथेही तो माघार घेत नाही. ती धडपड पाहणे मला हृद्य वाटले.

तरीही हा विषय मला खरा कळला तो या परदेशी बँडमुळे नव्हे, तर इंडियन ओशनमुळे. दिल्लीत 1990 मध्ये सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी हा बँड सुरू केला, वर्षभरात राहुल राम बेस गिटार घेऊन आला, 1994 मध्ये अमित किलम ड्रमवर आला, आणि त्यानंतर पंधरा वर्षे हे चौघे बदलले नाहीत. 2000 च्या 'कंदिसा'ने ते देशभर पोहोचले. राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात कार्यकर्ता म्हणून राहिलेला, त्यामुळे खोऱ्यातले 'मा रेवा' हे गाणे त्या अल्बमवर आहे. सरदार सरोवरात बुडालेल्या मणिबेली गावाचे नाव ज्या मराठी घरांत तळमळीने घेतले गेले तिथे त्या गाण्याचे स्थान वेगळे आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी हा बँड कॉलेजच्या महोत्सवांत मोकळ्या मैदानावर, धुळीत बसून ऐकला.

त्या मैफलीत डोळे असीमवर खिळत. तो एका चौथऱ्यावर मांडी घालून बसलेला असे. समोर तबला-डग्गा, भोवती इतर तालवाद्ये, तोंडासमोर माइक. तो एकाच वेळी वाजवत असे आणि गात असे. आपल्याकडे तबलजी गायकाला साथ करतो, आणि ते दोन जण असल्यामुळे दोघांत सतत एक संवाद चालू असतो. इथे गाणारा आणि साथ करणारा एकच होता. श्वास जिथे संपे तिथेच हात समेवर येई, आणि आवाज उंच चढू लागला की डग्गा आपोआप भारी होई, कारण छाती एकच होती. 'कंदिसा'तला त्याचा वर जाणारा आवाज ज्यांनी समोर बसून ऐकला आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

25 डिसेंबर 2009 ला असीम हृदयविकाराने गेला. बँडने त्याच्यासारखा गाणारा-वाजवणारा एक जण शोधला नाही. तुहीन चक्रवर्ती तबल्यावर आला आणि हिमांशू जोशी गायला आला. एका माणसाच्या जागी दोन माणसे आली, आणि त्यामुळे ती जागा कधीही पूर्वीसारखी होणार नाही हे त्यांनी पहिल्या दिवशीच मान्य करून टाकले. असीम गेल्यानंतरची मैफल मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा सुरुवातीची काही गाणी मला जड गेली. मग लक्षात आले की आता गाणारा मोकळा आहे. हिमांशू उभा राहून, हात पसरून गातो, आणि तान लांबवायची झाली तर त्याला हाताचा हिशोब सांभाळावा लागत नाही. तुहीनही मोकळा आहे. गाणे चालू असताना तो बोल बदलू शकतो, अमितच्या ड्रमशी बोलू शकतो. एकाच देहात जे न सांगता जुळत होते ते आता नजरेने जुळवावे लागते. समेपूर्वी हिमांशू तुहीनकडे पाहतो, तुहीन किंचित मान हलवतो, आणि दोघे एकत्र येतात. ही देवाणघेवाण पूर्वी नव्हतीच, कारण तिची गरज नव्हती.

दुसरा धक्का सुस्मित सेनचा. तो 2013 मध्ये बाहेर पडला, आणि इथे प्रश्न आणखी कठीण होता, कारण या बँडच्या गाण्यांचे मूळच त्याच्या गिटारीत होते. अकूस्टिक गिटार सतार-सरोदाच्या वळणाने वाजवण्याची त्याची जी रीत, ती कोणाकडून शिकून घेतलेली नव्हती आणि कोणाला शिकवता येईल असेही वाटत नव्हते. त्याच्या जागी निखिल राव आला तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन. हा निर्णय मला धाडसाचा आणि अत्यंत प्रामाणिक वाटतो. वाद्यच बदलल्यामुळे तुलनेचा आधार गेला. जुनी सुरावट ओळखू येते, पण तिचा पोत निराळा आहे. सुस्मितचा सूर झटकन उमटून विरून जाई, निखिलचा सूर टिकून राहतो आणि त्यामुळे गाणे अधिक रुंद होते. मला काही गाण्यांत सुस्मितचीच गिटार हवीहवीशी वाटते, विशेषतः जिथे गाण्याचे शब्द थांबतात आणि एकटी गिटार पुढे नेते तिथे. ही उणीव मी नाकारणार नाही, आणि निखिलने ती भरून काढावी अशी अपेक्षाही मी करणार नाही.

या संचाने 2015 मध्ये 'मसान' या चित्रपटाचे संगीत केले. स्वानंद किरकिरे यांनी गायलेले त्यातले रेल्वेचे आणि पुलाचे गाणे आज विशीतल्या मुलांना तोंडपाठ आहे, आणि त्या मुलांसाठी इंडियन ओशन म्हणजे हीच माणसे. एका कार्यक्रमात माझ्या पुढे उभ्या असलेल्या मुलामुलींनी ते गाणे पहिल्या सुराला ओळखले आणि 'कंदिसा'च्या वेळी एकमेकांना विचारले की ही भाषा कोणती. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्या कानात कोणतीही जुनी प्रत वाजत नव्हती. समोर जे होते तेवढे त्यांना पुरेसे होते. 2023 मधल्या 'तू है' या अल्बमची गाणी मी मंचावर ऐकते तेव्हा मलाही थोडा वेळ तसे ऐकता येते, कारण ती पाचही जणांची आहेत.

सर्वच बँड असे करू शकतात असे नाही. ड्रमर जॉन बॉनम 1980 मध्ये वारल्यावर लेड झेपेलिनने थांबण्याचा निर्णय घेतला, आणि तो त्यांच्यापुरता योग्यच होता. लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन बँडमधला गॅरी रॉसिंग्टन 2023 मध्ये वारला, आणि आता मूळ संचातले कोणी नसतानाही ते नाव दौऱ्यावर फिरते. तिथे माझे पाऊल अडखळते. निव्वळ जुनी गाणी जशीच्या तशी ऐकवण्यासाठी जो संच उभा असतो, ज्याने नव्या माणसांसह एकही नवे गाणे केलेले नसते, त्याच्या तिकिटावर मी पैसे खर्च करत नाही. वादक कितीही तयारीचे असोत, त्यांना तिथे स्वतःचे काही वाजवण्याची परवानगीच नसते, आणि ते पाहणे मला त्रासदायक होते.

म्हणूनच कोणत्याही अशा कार्यक्रमाला जाण्याआधी मी त्या बँडचा सर्वांत अलीकडचा अल्बम, सध्याच्या माणसांनी केलेला, दोन-चार वेळा ऐकून जाते आणि जाणाऱ्यांनाही तेच सुचवते. आयोजकांकडे मात्र माझी एक मागणी आहे. जाहिरातीत बँडचे जुने बोधचिन्ह आणि ठळक नाव असते, पण आज मंचावर कोण येणार हे बहुतेक वेळा कुठेच नसते. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी 1991 मध्ये वारला, जॉन डीकन निवृत्त झाला, आणि ब्रायन मे व रॉजर टेलर यांनी पुढे ज्या गायकाबरोबर दौरे केले त्याचे नाव त्यांनी पाटीवर लिहिले: 'क्वीन + ॲडम लॅम्बर्ट'. येणाऱ्याला काय ऐकायला मिळणार हे त्यात स्वच्छ सांगितलेले आहे, आणि गाणाऱ्याला त्याचे श्रेयही मिळाले आहे. आपल्याकडच्या फलकांवर सुद्धा सध्याच्या संचातल्या प्रत्येकाचे नाव, त्याच्या वाद्यासह, छापले जावे. तुहीन, हिमांशू आणि निखिल यांची नावे इतक्या वर्षांनंतरही श्रोत्यांना मंचावरून ओळख करून दिल्यावरच कळावीत, हे मला योग्य वाटत नाही.